मंजूची बाटलीतली आसवं

आमगावात स्टेशनाकडून बाजाराकडे यायला लागलं की डाव्या हाताच्या गल्लीत मंजू बिसेनचं शिलाईचं दुकान लागतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. गल्लीतल्या बायांचे ब्लाऊज इथेच बेतले जातात आणि गल्लीतल्या बातम्याही; दोन्हींना थोडं अस्तर लावूनच बाहेर पाठवायची इथली पद्धत आहे. दुकानाची मालकीण गेली दोन वर्षं घरातसुद्धा काळा गॉगल लावून बसते. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, बाई फार नखऱ्याची. जुन्या गिऱ्हाइकाला ठाऊक आहे की बाईचे डोळे वाळलेत. शेजारच्या मंदाबाईंना तर त्याहून पुष्कळ जास्त ठाऊक आहे. त्यातलं खरं किती, हे मात्र त्यांनाही ठाऊक नाही.

वाळलेत म्हणजे अगदी वाळलेत. पापणी मिटली की आत वाळू चोळल्यासारखं व्हायचं आणि उघडली की उजेड टोचायचा. पंख्याच्या वाऱ्याला बसायची सोय नाही, चुलीच्या धुराला उभं राहायची सोय नाही. सुईत दोरा ओवायला घेतला की हातात सुई एक आणि डोळ्यांपुढे भोकं तीन. मंजू तिन्हींत दोरा घालून बघायची, कारण कोणतं भोक खरं हे बघायची तिला हौस. तशी ती लहानपणापासूनच चौकशीखोर. कुकरची शिट्टी का वाजते हे बघायला तिने शिट्टीच खोलली होती, आणि सासरी आल्यावर पहिल्याच महिन्यात सासऱ्यांचा रेडिओ. तो पुन्हा कधी बोलला नाही. सासरेही बरेच दिवस बोलले नाहीत.

डोळ्यांच्या आधी मोठं आजारपण होऊन गेलं होतं. मंजूच्या हाडातल्या मगजाने रक्त बनवायचंच सोडलं. अंगावर उगाच काळेनिळे डाग उठायचे, हिरड्यांतून रक्त यायचं, दोन पायऱ्या चढली की धाप. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात सांगितलं, दुसऱ्या कुणाचा तरी मगज घालावा लागेल, आणि सख्ख्या भावाबहिणीचा जुळला तर उत्तम. तपासणी केली तर थोरल्या बहिणीचा, अंजूचा, अगदी नेमका जुळला. दोघींना ओळखणाऱ्या सगळ्यांना याचं नवल वाटलं, कारण या दोघींचं जन्मात दुसरं काही कधी जुळलं नव्हतं.

अंजू राहते कोहमाऱ्याला. तिचा आणि तिच्या नवऱ्याचा तिथे चौकाजवळ ढाबा आहे. आवाज असा की अंजूने भट्टीपाशी उभं राहून "दाल लाओ" म्हटलं तर रस्त्यापलीकडच्या ढाब्यावरही दाल वाढतात. तिच्या कमरेच्या हाडातून मगज काढला आणि मंजूच्या शिरेतून आत सोडला. मंजू जगली. नुसती जगली नाही, तिचा रक्तगटसुद्धा बदलून अंजूचा झाला. तेव्हापासून रायपूरकडून येणारा असा एक ट्रकवाला नसेल की ज्याने भाताबरोबर ही कथा खाल्ली नाही. "बहन को हड्डी का रस दिया है भाऊ, मज़ाक नहीं," म्हणत अंजू कमरेवर हात ठेवायची. कंबर आठवड्याभरात बरी होते असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. अंजूची अजूनही दुखते, विशेषतः कुणी ऐकायला बसलं की.

आता भेटीचं सांगायला हवं, कारण घोळ झाला तो तिथे. आपल्या इकडे बहिणीबहिणी बऱ्याच दिवसांनी भेटल्या की आधी गळ्यात पडून रडतात. साधं हुंदके देऊन नाही, सुरात. त्या सुरातच ख्यालीखुशाली सांगायची असते. "आवो माह्या ताई वो, किती दिसांनं आली वो, तुह्या भाच्यानं गाडी घेतली वो" असं. आनंदाची बातमीही रडूनच द्यायची. रडणं आटोपलं की पदराने तोंड पुसायचं, चहा मांडायचा आणि मग खऱ्या चुगल्या सुरू. बघणाऱ्या बायांचं लक्ष असतं ते खांद्यावर. कोणाचा खांदा किती भिजला यावरून कोणाची माया किती, याचा निकाल लागतो.

आजारपणानंतर अंजू पहिल्यांदा आमगावला आली, तेव्हा मंजू गळ्यात पडली, सूर लावला, शब्दही बरोबर आले. पाणी काही येईना. अंजूने बिचारीने तिच्याही वाटचं रडून घेतलं. पण ओट्यावर मंदाबाई उभ्या होत्या.

"बहिणीचं हाड चाललं बाप्पा," मंदाबाई दुसऱ्या दिवशी हातपंपावर म्हणाल्या, "पन तिच्यासाठी दोन थेंब नाही निंघत."

हे मंजूच्या कानावर आलं. आणि पुढच्या खेपेला अंजूचा आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला, तशी मंजूने डोळे ओले ठेवायला दिलेल्या औषधाची बाटली घेतली, दोन्ही डोळ्यांत चांगले चार चार थेंब सोडले आणि दारात जाऊन बहिणीच्या गळ्यात पडली. आसवं घळघळ गालावर. मंदाबाईंचं तोंड बंद. तेव्हापासून हीच रीत झाली. ओमेश, म्हणजे मंजूचा नवरा, राईस मिलमध्ये वजनकाट्यावर असतो आणि बोलतोही तोलून. तो एवढंच म्हणाला, "बाटली लवकर सरून राहिली."

मंदाबाईंचं तोंड बंद करणं हे झालं वरवरचं कारण. आतलं कारण फक्त मंजूला आणि ओमेशला ठाऊक होतं.

डोळे कशाने वाळले, हे नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टर देशकर मॅडमनी मंजूला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. अंजूच्या मगजातून ज्या पेशी आल्या, त्यांनी रक्त बनवायला घेतलं, छान केलं. पण त्यातल्या काहींना हे घर परकं वाटतं. त्या इथल्याच गोष्टींना शत्रू समजून त्यांच्याशी भांडतात. कुणाच्या त्वचेशी, कुणाच्या तोंडाशी, मंजूच्या डोळ्यांशी. आसवांच्या ग्रंथी त्यांनी सुकवल्या होत्या. मंजूने सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन ओमेशला पहिलं वाक्य म्हटलं ते असं: "हे ताईले कळता कामा नाही." ज्या गोष्टीवर अंजू कंबर धरून मिरवत होती, त्याच गोष्टीने बहिणीचे डोळे खाल्ले, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हणून गल्लीत सांगितलं की शिलाईने डोळे गेले. अंजूलाही तेच. आणि ज्या बाईच्या डोळ्यांतून एवढं पाणी येतं, तिच्या डोळ्यांची जास्त चौकशी कोण करतो?

थेंब, मलम, गरम शेक सगळं झालं. शेकासाठी मंजूने मोज्यात तांदूळ भरून तव्यावर तापवले आणि उकडून केलेला उसना तांदूळ जास्त वेळ गरम राहतो की न उकडलेला अरवा, यावर गल्लीत दोन तट पडले. डोळे मात्र तसेच. शेवटी देशकर मॅडम म्हणाल्या, "आपण प्रकाशाचा उपचार करून बघू. तुमच्या रक्ताच्या डॉक्टरांशी मी बोलले आहे."

मंजू गॉगलच्या आडून बघतच राहिली. "मॅडम, उजेडानंच तर दुखते. अन् तुम्ही उजेडच मारता का?"

"डोळ्यात नाही, गालावर."

"दुखते डोळा, अन् मारता गालावर?"

मॅडम हसल्या. त्यांनी कागदावर पापणी काढून दाखवली. आसवं म्हणजे नुसतं पाणी नसतं. वर तेलाचा एक पातळ थर असतो, म्हणून पाणी उडून जात नाही. हे तेल पापणीच्या काठावरच्या बारीक बारीक ग्रंथी देतात. मंजूच्या ग्रंथी सुजून बुजल्या होत्या. पाणी आधीच थोडं, त्यात झाकण नाही. गालावर प्रकाशाचे झटके दिले की सूज वाढवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या शांत होतात, घट्ट झालेलं तेल सैल होतं. "नेमकं कसं कसं होतं, याचा अजून शोध चालू आहे," मॅडम म्हणाल्या. "रडण्याचं पाणी याने परत येईल असं मी म्हणत नाही. पण आहे ते टिकेल."

शोध चालू आहे, हे वाक्य मंजूला फार आवडलं. घरी येऊन तिने शिलाई मशीनचा वरचा पत्रा काढला आणि जमलेल्या बायांना सुताच्या कचऱ्याने बुजलेलं तेलाचं भोक दाखवलं. "हे असं झालं आहे माह्या पापणीत."

"मग काडीनं टोकर ना," मंदाबाई म्हणाल्या.

उपचाराचं वर्णन तर मंजूने इतक्यांदा केलं की गल्लीतल्या पोरींना पाठ झालं. आधी कानाजवळ एक लहानसा झटका देऊन बघतात, कारण सावळ्या कातडीला प्रकाश जपून द्यावा लागतो, नाहीतर भाजतं. मग डोळ्यांवर झाकणं, गालावर थंडगार चिकट लेप, आणि मग चट्. रबर ताणून सोडल्यासारखा चटका, आणि डोळे बंद असले तरी आत सगळं केशरी होऊन जातं. शेवटी मॅडम पापण्या दाबून आतलं तेल काढतात. ते सगळ्यांत दुखतं. पहिल्या बैठकीत ते टूथपेस्टसारखं निघालं होतं. नंतर नंतर पातळ होत गेलं. मंजू पंख्याखाली बसू लागली. सुईची भोकं तिनाची दोन झाली.

काही बैठका झाल्यावर मॅडमनी तपासणीला बोलावलं. उपचार पुढे चालवायचा की थांबवायचा, हे त्यावर ठरणार होतं. फोनवर बजावलं होतं, सकाळपासून डोळ्यात एकही थेंब टाकायचा नाही. मंजूने टाकला नाही. आमगाव ते नागपूर आगगाडीत डोळे मिटून, ओल्या रुमालाची घडी ठेवून आली. दवाखान्याच्या बाकावर ओमेशच्या खांद्याला टेकून बसली होती, तेवढ्यात काचेच्या दारापलीकडून आवाज आला, "आमगाववाली मंजू बिसेन कुठं बसली हो?"

मंजूने ओमेशकडे बघितलं. ओमेश खाली बघू लागला. "तिनं फोनवर इचारलं गुरुवारी कुठं आहा. मी म्हटलं नागपूरले. एवढंच."

कोहमाऱ्याहून सकाळची बस धरून, हातात टिफिनचा डबा घेऊन अंजू दारात उभी होती. आणि मंजूचा हात, डोक्याला न विचारता, पिशवीत गेला. मान मागे, चार थेंब इकडे, चार थेंब तिकडे. ओमेश "अवो" म्हणेपर्यंत बाटली पिशवीत परत गेली होती. दुसऱ्या क्षणी दोघी बहिणी दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर एकमेकींच्या गळ्यात.

"आवो माह्या बहिणी वो, किती सुकली वो, जवाई खायले देत नाही का वो..."

"आवो माह्या ताई वो, कायले आली वो एवढ्या दुरून, ढाबा कोण पाहून राहिलं वो..."

रखवालदार धावत आला. "क्या हुआ माताजी? कौन गुज़र गया?"

अंजूने सूर मध्येच थांबवला. "कोई नहीं गुज़रा. बहन मिली है," म्हणाली, आणि जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा उचललं.

एवढ्यात मंजूचं नाव पुकारलं. अंजू अर्थातच आत आली. जिने हाड दिलं तिला बाहेर थांबवणारा अजून जन्मायचा आहे. मॅडमनी मंजूच्या खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी टोकाला घडी घालून अडकवली. ही पट्टी डोळ्यातलं पाणी शोषून घेते. जितकी भिजेल तितकी आसवं. आजवर मंजूची पट्टी जेमतेम घडीपाशी ओलसर व्हायची. आज ती खालपर्यंत चिंब झाली.

मॅडमनी पट्टी उजेडात धरली, पुन्हा बघितली. "सकाळपासून थेंब टाकले होते?"

"सकाळी नाही," मंजू म्हणाली. हे खोटं नव्हतं.

"मग एवढं पाणी कुठून आलं?"

"रडली ना आता बाहेर," अंजूने मधेच अभिमानाने सांगितलं. "माह्याजवळ रडतेच ते. घळाघळा. दोन वर्षं झाली, एकही खेप चुकली नाही."

मॅडमनी डोळ्यात पिवळा रंग सोडला, मंजूची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि निळा दिवा लावून बुबुळ बघितलं. "गंमत आहे," म्हणाल्या. "बुबुळावर अजून कोरडेपणाचे ठिपके आहेत. आणि पट्टी म्हणते, पाणी भरपूर. इतकं रडू येत असेल तर माझा अंदाजच चुकला म्हणायचा. मग हा त्रास दुसऱ्या कशाचा तरी असेल. प्रकाशाच्या बैठका आपण थांबवू, नव्याने शोधू."

थांबवलं तर सुईची भोकं पुन्हा तीन, पंखा पुन्हा बंद. खरं सांगितलं तर अंजू इथेच बसलेली. तिने ओमेशकडे बघितलं. ओमेश भिंतीवरच्या डोळ्याच्या तक्त्यातली सगळ्यांत बारीक ओळ वाचत होता.

"ताई, तू बाहीर जाऊन चहा तरी घे."

"मले नाही पाह्यजे. दिवसभर तोच तर उकळते मी."

"थोडी हवा खाऊन ये."

"मंजे," अंजू म्हणाली, "काऊन हाकलून राहिली मले?"

मंजूने पिशवी उघडली. बाटली टेबलावर ठेवली. "मॅडम, ते पाणी माह्यं नाही. याच्यातलं आहे. ताई दिसली तसं टाकलं."

अंजूने बाटली उचलून उलटीपालटी केली. "कवापासून?"

"तू दुसऱ्यांदा घरी आली, तवापासून."

"दर खेपेले?"

"दर खेपेले."

अंजूने आपला खांदा ओढून बघितला. "म्हणून माह्या लुगड्यावर चिकट डाग पडून राहिले. मी साबण बदलले वो. धोब्याशी भांडली." मग आवाज जरा खाली आला. "पन कायले? पाणी येत नाही म्हणून सांगायले काय झालं होतं?"

"मग काऊन येत नाही, ते सांगा लागलं असतं."

मॅडमनी मंजूकडे बघितलं, बोलू का म्हणून. मंजूने नको म्हणून मान हलवली आणि स्वतःच सांगितलं. कमी शब्दांत, कुठेही अस्तर न लावता. ताईच्या मगजाने रक्त आलं, आणि ताईच्याच मगजाने डोळे वाळले.

अंजूचा हात आपोआप कमरेवर गेला आणि मग तिथून हळूच खाली आला.

"परत काढता येते का?" तिने मॅडमना विचारलं. "माह्या पेशी, मलेच वापस?"

"नाही. तिचं सगळं रक्त त्यांच्याच जिवावर आहे. आपण त्यांना औषधाने जरा धाकात ठेवतो, आणि डोळ्यांची पडझड सावरतो."

"मले दाखवा," अंजू म्हणाली.

मॅडमनी तिला आपल्या स्टुलावर बसवलं. पलीकडून मंजूने हनुवटी टेकवली. निळ्या उजेडात अंजूला बहिणीचा डोळा एवढा मोठा दिसला, परातीएवढा, आणि त्यावर हिरवट चमकणारे ठिपके, कुणी मोहरी सांडल्यासारखे. ती पुष्कळ वेळ बघत राहिली.

"हे माह्यं काम?"

"तुह्यं नाही. तुह्या पेशींचं," मंजू म्हणाली.

"घरही चालवतात अन् भांडतातही," अंजू डोळा न काढता म्हणाली. "आपल्याच घरच्या दिसतात."

ओमेशला हसू आलं, पण त्याने ते तोलून परत ठेवलं. कारण अंजू आता मंजूकडे वळली होती आणि तिचा चेहरा हसण्याचा नव्हता. "त्या काही मले विचारून नाही गेल्या तुह्या डोळ्यात. त्याचं मले काही नाही. पन तू मले दोन वर्षं खोटं रडून दाखवलं, मंजे."

"रडत खरीच होती, ताई," मंजू म्हणाली. "पाणी तेवढं खोटं होतं."

अंजूने बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि ती आपल्या कनवटीला खोचली. "डोळ्याच्या औषधाची म्हणून देईन वापस," म्हणाली. "रडाची म्हणून नाही."

टाकलेले थेंब उतरावेत म्हणून मॅडमनी दुपारपर्यंत थांबवलं. तेवढ्यात अंजूच्या डब्यातली पोळीभाजी संपली, रखवालदारालाही मिळाली. दुपारची पट्टी जवळजवळ कोरडी निघाली. पूर्वीपेक्षा किंचित बरी, एवढंच. मॅडमना आता कोडं उरलं नाही. प्रकाश चालू ठेवायचा ठरलं, त्याच दिवशी बैठकही झाली. अंजूने काळा चष्मा लावून आत उभं राहायचं मागून घेतलं आणि नर्सला भंडावून सोडलं. हा उजेड किती लांब जातो, ढाब्यावरच्या ट्यूबलाइटने का होत नाही, कमरेला मारून बघता येतो का. चट् झालं की दर वेळी मंजूआधी तिचाच गाल हलायचा. पापण्या दाबायची वेळ आली तेव्हा मात्र तिने प्रश्न थांबवले आणि मंजूचं पाऊल धरून ठेवलं. यंत्रावर वाकून बघितलं तर काठावर तेलाचे थेंब उभे होते, पातळ, वितळलेल्या तुपासारखे.

संध्याकाळी बसस्टँडवर कोहमाऱ्याची बस लागली. निघतानाही रडायचंच असतं. मंजूचा हात सवयीने पिशवीकडे गेला. पिशवीत बाटली नव्हती, ती अजून अंजूच्या कनवटीला होती. अंजूने तिचं मनगट धरलं.

"राहू दे. पाणी माह्यं, सूर तुहा. लाव."

मंजू घुटमळली. आजूबाजूला माणसं होती, डोळ्यांवर काळा गॉगल, गाल लाल झालेले. मग ती गळ्यात पडली आणि कोरड्या डोळ्यांनी सूर लावला, "आवो माह्या ताई वो, पोहोचली का फोन कर वो, धोब्याची माफी माग वो..." अंजू हसता हसता रडत होती, आणि मंजूचा खांदा खरोखरच्या पाण्याने भिजत होता. कंडक्टरने घाई करायला घंटी दोनदा वाजवली, पण दोघींचं आटोपेपर्यंत तिसऱ्यांदा नाही वाजवली.